तिसऱ्या दिवसाची माणसं

"सुलू, माझा पांढरा सदरा इस्त्रीचा आहे का गं?"

भाई स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. सकाळचे सात वाजले होते. माझी डब्याची भाजी व्हायची होती, कुकरची एकच शिट्टी झाली होती आणि साडेनऊच्या आत बँकेत पोचायचं होतं.

"कुठे निघालात एवढ्या सकाळी?"

"रक्षाविसर्जन आहे. साडेआठला, पंचगंगेवर."

"कुणाचं?"

"गणपतराव इंगवले. वय एक्क्याऐंशी. खालच्या गल्लीत, दूध डेअरीच्या मागे राहायचे."

"तुम्ही ओळखत होतात त्यांना?"

"नाही," भाई म्हणाले. "आहे का सदरा?"

मी गॅस बारीक केला आणि त्यांच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काही विशेष नव्हतं. दळण आणायला निघालेल्या माणसाचा असावा तसा चेहरा. सदरा कपाटात होता, तो मी काढून दिला. त्यांनी टोपी घातली, रुमालाची घडी खिशात ठेवली आणि जिना उतरून गेले.

आम्हाला कोल्हापुरात येऊन तेव्हा तीन महिने झाले होते. याला आता सत्तावीस वर्षं होतील. मला शाखाधिकारी म्हणून बढती मिळाली होती आणि बढतीबरोबर बदली. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली. आई जाऊन सहा वर्षं झालेली. भाई, म्हणजे माझे वडील, चौऱ्याहत्तर वर्षांचे. पोस्टात पत्रं वर्गवार लावण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती आणि चाळीस वर्षं डोंबिवलीच्या एकाच इमारतीत संसार झाला होता. त्यांना तिथे एकटं ठेवणं शक्य नव्हतं आणि बढती सोडणं मला शक्य नव्हतं. भाई लगेच तयार झाले. इतक्या लगेच, की मलाच अपराधी वाटलं.

मी पहिल्यापासून व्यवस्थित. नव्या गावात काय काय लागेल याची दोन पानी यादीच मी केली होती. गॅसचं कनेक्शन, पाणी किती वाजता येतं, भाईंच्या रक्तदाबाचे डॉक्टर, वाणी, पेपरवाला, लायब्ररी. पंधरा दिवसांत सगळ्यावर खुणा झाल्या. घर चांगलं मिळालं. खाली मालकीणबाई, पारूकाकी, वर आम्ही. यादीत माणसं नव्हती. ती लागतात हे मला सुचलंच नव्हतं. मी दिवसभर बँकेत माणसांतच असायचे.

भाईंचं मात्र अवघड झालं होतं. ज्या माणसाला अर्ध्या डोंबिवलीची नावं पत्त्यांसकट पाठ, त्याला इथे कोपऱ्यावरच्या दुकानदाराचंही आडनाव माहीत नव्हतं. पहिले काही आठवडे ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. मग फिरायला जायला लागले आणि तिथे त्यांना तो फळा सापडला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालीम होती. तिच्या भिंतीवर शाळेत असतो तसा काळा फळा. गल्लीत किंवा आसपास कुणी वारलं की त्यावर खडूने लिहिलं जायचं. नाव, वय, राहणार कुठे, आणि रक्षाविसर्जन कधी. त्या गावात तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षा सावडतात आणि त्याला सगळी गल्ली जाते. पत्रिका नाही, निरोप नाही. फळ्यावर वाचायचं आणि जायचं. मी तो फळा रोज येताजाता बघत होते आणि नजर पुढे सरकवत होते.

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा भाई गॅलरीत होते. जरा खुशीत दिसले. म्हणजे तसं म्हणणं बरं नाही, पण दिसले.

"दीडशे माणसं होती," ते म्हणाले. "इंगवले गुऱ्हाळावर गूळ करायचे. लोक सांगत होते, कढईतला रस नुसता बघून सांगायचे, आता उतरवा म्हणून. मोठा मुलगा शाहूपुरीत असतो, धाकटा इथेच."

"भाई, आपला काय संबंध?"

"संबंध काही नाही."

"मग त्या लोकांना वाटलं नाही का, हा कोण उपटला म्हणून?"

"नाही वाटलं," भाई म्हणाले. "लग्नाला बोलावणं लागतं, सुलू. बारशाला लागतं. तिथे नाही लागत."

मला वाटलं, एकदा झालं, संपलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा सदरा निघाला. मग पुन्हा. दिवाळीपर्यंत भाईंनी नऊ अनोळखी माणसांना पोचवलं होतं. नावं, वयं, पत्ते सगळं पाठ. जेवताना मी विषय बदलायचे आणि ते शांतपणे मला कुणा मेलेल्या हौसाबाईंचं घर कुठल्या बोळात आहे ते सांगायचे.

मला त्याचा अर्थ एकच दिसत होता. मी या माणसाला मुळासकट उपटून आणलं होतं आणि आता तो मरणाच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता. रोज उठून तो मला तेच दाखवत होता. आणि मला लाजही वाटत होती. बँकेत एक ग्राहक मला म्हणाले, "म्याडम, तुमचं वडील आमच्या आईच्या रक्षेला आल्ते." मी चक्क त्यांची माफी मागितली. ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले.

एका रविवारी मी दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेले. गिरणी हिंदुराव चौगल्यांची. गल्ली त्यांना मामा म्हणायची. साठीचे, उंच, भुवयांवर कायम पीठ. फळ्यावर लिहायचं काम त्यांच्याकडे होतं आणि भाई त्यांच्याबरोबरच जायचे हे मला कळलं होतं.

"मामा, एक सांगायचं होतं," मी म्हणाले. "आमच्या वडिलांना तुम्ही बरोबर नेऊ नका."

त्यांनी पट्टा सरकवून गिरणी बंद केली. "का ओ ताई?"

"त्यांचं वय झालंय. सारखं सारखं स्मशानात जाणं बरं नाही. मनावर परिणाम होतो. आणि ओळख ना देख, लोक काय म्हणत असतील?"

"लोक काय म्हणत न्हाईत."

"तरी."

"ताई, मी त्यांना नेत न्हाई. ते माझ्या आदी तितं असत्यात." मामांनी माझ्या डब्यातलं दळलेलं पीठ हाताने सारखं केलं. "तुमी एकदा चला की."

"मला बँक असते."

"व्हय," मामा म्हणाले. "त्ये बी म्हणत्यात, पोरीला बँक असती."

ते आणखी काहीतरी बोलणार होते असं मला वाटलं. पण त्यांनी पट्टा चढवला, गिरणीचा आवाज सुरू झाला आणि मी डबा उचलून आले.

जानेवारीत भाईंना खोकला झाला. दहा दिवस झाले तरी हटेना. त्यात एका सकाळी बघते तर हे मफलर गुंडाळून, पांढरा सदरा घालून तयार. बाहेर चांगलं धुकं होतं. माझा तोल गेला.

"कुठेही जायचं नाही आज," मी म्हणाले.

"तासाभरात येतो."

"भाई, परक्यांच्या राखेपाशी जाऊन उभं राहायचं हे काय वेड लागलंय तुम्हाला? माझ्यावर राग आहे ना, इथे आणलं म्हणून? मग तो बोलून दाखवा. रोज उठून मला ही शिक्षा कशाला?"

भाई खुर्चीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, आता बोलतील. मी थांबलेही.

"राग नाही गं," ते म्हणाले. "बाई माणूस होती. बत्तीस वर्षांची. तिला दोन मुली आहेत."

"मग?"

"मग काही नाही. तू आवर तुझं. उशीर होईल."

त्या दिवशी ते गेले नाहीत. मी जिंकले असं मानून बँकेत गेले. संध्याकाळी पारूकाकींनी जिन्यातच मला गाठलं. भाईंना काढा करून दिलाय म्हणाल्या, आणि वर म्हणाल्या, "आज आलं न्हाईत त्ये, तर चार जणांनी इचारलं मला, भाई कुठं हाईत म्हणून." मी हो हो म्हणून वर आले. ते वाक्य मी ऐकलं, पण माझ्या डोक्यात काही ते शिरलं नाही. भाईंचा खोकला गेला, आणि फेब्रुवारीपासून ते पुन्हा जायला लागले. मी बोलणं सोडून दिलं. ते निघाले की मी स्वयंपाकघरातून बाहेरच यायचे नाही.

चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर यात्रा असते. त्या दिवशी आमची गल्ली ओस पडते. काकी आदल्या दिवशीच डोंगरावर गेल्या होत्या, मामा तालमीच्या पोरांबरोबर देवाची उंच सासनकाठी घेऊन गेले होते, गिरणी बंद होती. माझ्या बँकेला सुट्टी नव्हती. आठच्या सुमाराला भाई म्हणाले, छातीत दाटल्यासारखं होतंय. मी पाणी दिलं. त्यांना घाम फुटला होता. मी धावत नाक्यावर जाऊन रिक्षा आणली. रिक्षावाल्याने आणि मी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून जिना उतरवला.

रिक्षात ते शुद्धीवर होते. गल्लीतून बाहेर पडताना त्यांनी मान वळवून दोन्हीकडच्या घरांकडे बघितलं. सगळ्या दारांना कुलपं.

"आजच नेमकं," भाई म्हणाले.

"बोलू नका तुम्ही."

"सगळे डोंगरावर गेलेत, नाही का?"

"भाई, बोलू नका ना."

त्यांनी माझा हात धरला. ते पुन्हा काही बोलले नाहीत. दवाखान्यात त्यांना आत घेतलं आणि सव्वादहाला डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, तिशीच्या आतले. त्यांनी सांगितलं ते मला लगेच समजलं. मी विचारलं, आता पुढे काय करायचं असतं?

"कुणाला बोलवायचंय का, म्याडम? घरचं, शेजारचं कोण? आमी फोन लावतो."

"इथं आमचं कुणी नाही," मी म्हणाले.

हे वाक्य मी अगदी सरळपणे म्हणाले. रडले नाही, घाबरले नाही. मला ते खरं वाटत होतं. मी समोरच्या बूथवरून डोंबिवलीला चुलतभावाला, विलासला फोन लावला.

"सुलू, तू घेऊन ये त्यांना इकडे," विलास म्हणाला. "तिथे कोण आहे आपलं? खांद्याला माणसं तरी मिळायला नकोत का? इथे सगळे आहेत."

मलाही तेच बरोबर वाटलं. भाईंना त्यांच्या माणसांत न्यायचं. निदान शेवटी तरी न्यायचं. मी त्यांच्यावर केलेला अन्याय तेवढ्याने थोडा भरून निघेल असं माझ्या मनात होतं. बँकेला फोन केला. साडेअकराला गाडी निघाली ती दवाखान्यातूनच. गल्लीत गेलेसुद्धा नाही. माझ्याकडे पर्स आणि भाईंचा चष्मा एवढंच होतं.

डोंबिवलीत दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंना नेलं तेव्हा आम्ही सात जण होतो. त्यातले दोघे विलासच्या ऑफिसातले, भाईंना कधी न पाहिलेले. मी कुणाला दोष देत नाही. आमच्या इमारतीतल्या बारा बिऱ्हाडांपैकी पाच जणांनी घरं विकली होती. भाईंच्या सकाळच्या कट्ट्यावरचे दोघे वारले होते, एक मुलाकडे पुण्याला, एकाचे गुडघे धरलेले. ते काका खिडकीतून हात जोडून उभे राहिले. आम्ही वर्षभरच बाहेर होतो, पण ती माणसं त्याआधीच एकेक करून कमी झाली होती आणि मला बँकेच्या गडबडीत ते दिसलं नव्हतं. भाईंना दिसलं असणार. तिसऱ्या दिवशी विलास आणि मी, दोघंच गेलो. अस्थी त्याने नाशिकला न्यायचं ठरवलं आणि नेल्याही. मला एकदाही रडू आलं नाही. सह्या करायच्या होत्या, फोन करायचे होते, मी ते करत होते.

सहाव्या दिवशी मी कोल्हापूरला परतले. शाखेत तपासणी लागली होती, ती झाली की तेराव्याला पुन्हा जायचं होतं. पारूकाकी दारातच भाजी निवडत होत्या.

"आलासा व्हय? अवो सांगून तरी जायाचं. आमी डोंगरावरनं आलो तर कुलूप. भाई मागनं यायलेत का?"

"काकी, भाई गेले," मी म्हणाले. "यात्रेच्या दिवशीच. सकाळी."

त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. "कुटं?"

"इथेच. दवाखान्यात. मग मी त्यांना डोंबिवलीला नेलं."

"हितं गेलं?" काकी म्हणाल्या. "हितं गेलं, आन् तुमी तिकडं नेलासा?"

"तुम्ही सगळे डोंगरावर होतात. आणि उगाच कुणाला त्रास..."

काकी उठल्या. भाजीचं ताट उचललं आणि आत गेल्या. दार लावलं नाही, पण परत बाहेरही आल्या नाहीत. मी जिना चढून वर गेले.

तासाभरात मामा आले. आमच्याकडे ते कधीच वर आलेले नव्हते. उंबऱ्याच्या आत येऊन भिंतीशी उभे राहिले. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"काकी म्हणाली ते खरं हाय?"

"हो."

"किती माणसं हुती तिकडं?"

मी पुढे केलेली खुर्ची मागे ओढून घेतली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"ताई, तुमी गिरणीत आल्तासा त्या दिवशी माझ्या तोंडात आलं हुतं. पर भाईंनी सांगू नका म्हटल्यालं. आता सांगायला हरकत न्हाई." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "पयल्यांदा त्ये आले, इंगवल्यांच्या रक्षेला, तवा मीच इचारलं, पावणं कुठलं तुमी? तर म्हणाले, पावणा न्हाई, माझी मुलगी हितं बँकेत हाय, आमी नवीन हाय. मी म्हटलं, मग हितं कसं काय? तर म्हणाले, मामा, माझं वय झालंय. मी हितंच जाणार. मी गेल्यावर मला काय कळणार न्हाई, कोण आलं, कोण न्हाई. पर माझी पोरगी एकटी हाय. तिला भाऊ न्हाई, भन न्हाई. ती कुणाच्यात जात न्हाई, बँक आन् घर. त्या दिवशी तिनं दार उघडलं तर दारात माणसं दिसाय पायजेत. म्हणून मी आत्ताच जाऊन ठेवतोय."

मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते.

"अठ्ठावीस ठिकाणी गेले त्ये," मामा म्हणाले. "त्या बत्तीस वर्साच्या बाईच्या येळंला आजारी हुते, तर खोकला गेल्यावर घरी जाऊन आले तिच्या पोरींकडं. येक एक घर म्हाईत त्यांना. ताई, तुमी येक फोन जोतिबावर लावला असतासा, देवळाच्या हापिसात, तर समदी गल्ली काठी तितंच ठिवून खाली आली असती. दीडदोनशे माणूस आलं असतं."

"मला माहीत नव्हतं, मामा."

"व्हय. नव्या माणसाला म्हाईत नसतंय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरं वाटलं असतं. "पर आमाला त्यांना खांदा द्यायचा हुता. त्यो ऱ्हायला."

ते गेले. मी जमिनीवर बसले. आठ महिने भाई माझ्यासाठी कुठे कुठे जाऊन उभे राहत होते आणि मी त्यांना वेड लागलंय का म्हणून विचारलं होतं. रिक्षातून ते कुलपं लावलेल्या दारांकडे बघत होते, तेव्हा ते स्वतःसाठी बघत नव्हते. आणि मी दवाखान्यात त्या डॉक्टरला सांगितलं होतं, इथं आमचं कुणी नाही. भाईंनी जे जमवून ठेवलं होतं ते सगळं मी त्या एका वाक्यात मोडलं. तरीही मला रडता येत नव्हतं.

पुढचे दोन दिवस गल्लीत माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही. वाण्याने सामान दिलं, पेपर आला. काकींनी एकदा झाकण ठेवून पिठलंभाकरी जिन्यात आणून ठेवली, हाक मात्र मारली नाही.

तिसऱ्या दिवशी बँकेतून येताना मी फळ्यापाशी थांबले. पहिल्यांदाच नीट वाचलं. कै. रामचंद्र सुबराव वरुटे, वय ७८, राहणार विहिरीजवळ. रक्षाविसर्जन उद्या सकाळी ८ वाजता. अक्षर मामांचं होतं, जाड आणि सरळ.

सकाळी मी पांढरी साडी नेसले. शाखेत निरोप पाठवला, उशिरा येईन. जिना उतरले तर काकी दारात चपला घालत होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि माझ्याबरोबर चालायला लागल्या. घाटावर जायची वाट मला माहीत नव्हती, त्यांना होती.

घाटावर बरीच माणसं होती. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. शेणींची, म्हणजे गोवऱ्यांची, राख अजून कोमट असावी, वर पाणी शिंपडलं तेव्हा थोडी वाफ आली. मुलांनी रक्षा गोळा केली, पाटीत भरली, नदीकडे नेली. केळीच्या पानावर वरुट्यांच्या आवडीचं खाणं मांडलं होतं, त्यात चिरमुरे होते आणि भजी होती. कुणी मोठ्याने रडत नव्हतं. मी मागे उभी होते. मला सारखं वाटत होतं की माझ्या जागी भाई असते तर त्यांना आत्तापर्यंत वरुट्यांच्या तीन पिढ्यांची माहिती झाली असती.

सगळं आटोपलं की घरची माणसं ओळीने उभी राहतात आणि आलेले लोक समोरून हात जोडत पुढे सरकतात. मीही ओळीत लागले. माझ्या पुढे काकी, मागे चारपाच बायका. वरुट्यांची मुलं, सुना, एक बहीण. मी एकेकाला नमस्कार करत होते, ते करत होते, नजर खाली. ओळीतल्या शेवटच्या बाईपाशी मी आले. थोरली सून, पन्नाशीची, डोळे सुजलेले. काकी तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या.

त्या बाईने मान वर केली.

"भाईंची लेक व्हय तुमी?"

मी मान हलवली.

"माझ्या सासूच्या रक्षेला आल्ते त्ये. मार्गशीर्षात. मामंजींच्या शेजारी बसून ऱ्हायले हुते तासभर, हात धरून." तिने पदराने नाक पुसलं. "आमाला तुमच्याकडं यायाचं हुतं. पर रक्षा हितं न्हाई, कुटं यावं कळंना."

"माझंच चुकलं," मी म्हणाले. "मी कुणाला सांगितलं नाही."

"इकडं या."

तिने माझं मनगट धरलं आणि मला ओढून स्वतःच्या शेजारी ओळीत उभं केलं.

"अहो, हे तुमचं... मी इथे कशी?"

"उभ्या ऱ्हावा म्हणते नव्हं."

मागून येणाऱ्या बायका क्षणभर थांबल्या. मग पहिलीने सुनेला नमस्कार केला आणि एक पाऊल सरकून मला केला. दुसरीने केला. तिसरी मला ओळखत होती, बँकेत यायची. ती म्हणाली, "भाई ग्वाड माणूस." बायकांच्या मागून पुरुष आले. तोपर्यंत ओळीत मागेपर्यंत कळलं असावं, कारण माणसं आता वरुट्यांपुढे थांबत होती आणि मग माझ्यापुढे थांबत होती, तेवढाच वेळ. कुणी म्हणालं पोस्टातले भाई, कुणी नुसती मान लववली. दूध डेअरीवाला आला, दोन लहान मुलींना धरून एक माणूस आला. त्याचं नाव मला माहीत नव्हतं, पण तो कोण ते मला कळलं. मामा आले, टोपी काढून माझ्यापुढे उभे राहिले, बराच वेळ.

मला रडू फुटलं ते तेव्हा. वरुट्यांच्या सुनेने माझं मनगट सोडलं नव्हतं. दुसऱ्याच्या माणसाच्या रक्षेपाशी उभी राहून मी माझ्या बापासाठी मोठमोठ्याने रडत होते आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. रांग मागे फाटकापर्यंत होती. शेवटचा माणूस जाईपर्यंत मी हात जोडून उभी राहिले.